बिजलीच्या बरगड्या

फोन उचलला की पलीकडचा माणूस नमस्कार म्हणत नाही. थेट विचारतो, ‘‘डबल हड्डी आहे का?’’

लॅब्राडॉरच्या पिल्लाचे पाय जाडजूड असले की त्याला बाजारात डबल हड्डी म्हणतात. जन्मताना हाडांचा जादा संच मिळालेला कुत्रा मी उभ्या आयुष्यात पाहिलेला नाही. सुरुवातीला मी हे समजावून सांगायचे. मग चिडायला लागले. अलीकडे फक्त म्हणते, ‘‘नाही हो, आमच्याकडे सगळे एकेरी हाडाचे,’’ आणि फोन ठेवते. आता तर मी पिल्लं विकतही नाही. तरी फोन येतात, कारण कुणीतरी कुणालातरी सांगितलेलं असतं की मार्गासनीच्या पुढे, वेल्ह्याच्या रस्त्याला, एक कुत्रेवाल्या बाई राहतात.

ती बाई म्हणजे मी. माहेर भोरचं. वडील कचेरीत कारकून, आणि घरात कुत्र्याला उंबऱ्याच्या आत पाऊल टाकायची परवानगी नाही. लग्न झालं ते शाळामास्तरांशी. त्यांची बदली पासलीला झाली, मी मार्गासनीच्या घरात एकटी पडले आणि सोबतीला एक कुत्री पाळली. तिला पिल्लं झाली, मग त्या पिल्लांना पिल्लं झाली. धंदा असा मुहूर्त बघून सुरू होतच नाही. एक दिवस अंगणात मोजून बघावं तर घरात माणसं कमी आणि कुत्री जास्त, एवढंच. गुरुजी म्हणायचे, ‘‘माझा वर्ग बरा, पाच वाजता सुटतो तरी.’’

पोट भरायला लॅब्राडॉर. पुण्याच्या लोकांनी आमच्याकडे प्लॉट घेतले, फार्महाऊस बांधली, आणि प्रत्येकाला फाटकातून आत शिरल्यावर धावत येणारा सोनेरी कुत्रा हवा झाला. त्यातले काही नमुने तर विसरू म्हटलं तरी विसरत नाहीत. एकांनी कुत्रा परत आणला, कारण तो चोरावर भुंकत नाही. ‘‘चोर आला होता का?’’ मी विचारलं. ‘‘नाही, पण आला तर हा भुंकणार नाही, तोंडावरूनच कळतं.’’ एका ताईंनी पिल्लाची जन्मवेळ विचारून घेतली आणि पत्रिका मांडली. त्यांच्या यजमानांशी जुळते का ते बघायचं होतं. जुळली. दोघंही सुखात आहेत असं ऐकते.

मी मात्र माणसांची परीक्षा घेतल्याशिवाय पिल्लू दिलं नाही. सगळ्या घराला बोलवायचे आणि अंगणात जमिनीवर बसायला लावायचे. जो कपडे झटकत उठला त्याला चहा मिळायचा, पिल्लू नाही. आमच्या शेजारणीला, हौसामावशीला, हा प्रकार फार आवडायचा. ती कुंपणापलीकडून बघत असायची आणि पाहुणे गेले की निकाल सांगायची, ‘‘त्या गाडीवाल्याला दिऊ नगा. त्याची पोरगी बरी हाय, पन त्यो न्हाई.’’ तिचा अंदाज क्वचितच चुकला.

लॅब्राडॉर पोटाला, पण जिवाला कारवानी.

ज्यांनी बघितला नसेल त्यांच्यासाठी सांगते. कारवानी हा आपल्याच मुलखातला शिकारी कुत्रा. उंच, लांब पायांचा, लांबट तोंडाचा, छाती खोल आणि पोट पार आत गेलेलं. उभा राहिला की गरीब वाटतो, पळायला लागला की डोळा ठरत नाही. त्याच्या अंगावर चरबी शोभतच नाही. शेवटच्या बरगड्या दिसल्या पाहिजेत, कमरेची दोन हाडं वर आली पाहिजेत. निरोगी कारवानी दिसतो असाच. पण हे आमच्या गावाला पटवणं म्हणजे दगडाला घाम आणणं होतं.

माझ्याकडे कारवानीत एकच मादी अशी झाली की जिच्यासाठी मी वेडी झाले. बिजली. रंग मधासारखा, डोळ्यांत काजळ भरल्यासारखी कड, आणि भातकापणी झाल्यावर रिकाम्या खाचरांतून बांधावरून बांधावर उड्या घेत निघाली की राजगडाला निघालेली ट्रेकची पोरं गाड्या थांबवून व्हिडिओ काढायची. तिला चॅम्पियन करायचं, एवढं एकच माझ्या डोक्यात होतं.

कुत्र्यांच्या प्रदर्शनाचं गणित सोपं आहे. रिंगणात कुत्रा नीट उभा करायचा, परीक्षक दात बघतो, अंगावरून हात फिरवतो, मग कुत्र्याला दुडक्या चालीनं फिरवायचं. त्या जातीत जी सगळ्यांत सरस ठरेल तिला प्रमाणपत्र. अशी तीन प्रमाणपत्रं तीन वेगळ्या परीक्षकांकडून मिळाली की नावाआधी चॅम्पियन लागतं. मग ते नाव तिच्या पिल्लांच्या, नातवंडांच्या कागदावर कायमचं राहतं. रिंगणात बहुतेक पुरुषच असायचे, टाय लावून. मी साडी खोचून, पायात बूट घालून बिजलीबरोबर पळायचे. पहिल्यांदा ते हसले. बिजलीला दुसरं प्रमाणपत्र मिळालं त्या दिवसापासून कुणी हसलं नाही.

तिसऱ्या वेळी मात्र परीक्षकांनी तिच्या पाठीवरून हात फिरवला, बरगड्यांपाशी थांबले आणि म्हणाले, ‘‘बाई, कुत्री अप्रतिम आहे. पण अंगावर मांस चढलंय.’’

मला खरंच वाटेना. मी तिचं खाणं वजन करून द्यायचे. अंडं, मांस, नाचणी, सगळं मोजून. घरी आल्यावर गुरुजींवरच संशय घेतला. त्यांनी शांतपणे सांगितलं, ‘‘मला स्वतःला मागून खावं लागतं, मी तिला कुठून देऊ?’’

मग एकदा संध्याकाळी बिजली फिरून आली नाही म्हणून तिला शोधायला मी मावशीच्या परसात गेले. मावशी चुलीपाशी बसलेली, पुढ्यात बिजली, आणि मावशी दुधात कुस्करलेली भाकरी तिच्यापुढे ठेवत म्हणत होती, ‘‘खा गं माजी बाय. आन् बाईस्नी सांगू नगं.’’

पुढे चौकशी केली तेव्हा सगळं बाहेर आलं. मावशी एकटी नव्हती. चहाच्या टपरीवर पाव ठरलेला, पिठाच्या गिरणीत गुळाचा खडा, ट्रेकच्या पोरांची बिस्किटं वेगळीच. सगळ्या गावाला वाटत होतं की मी जनावर उपाशी ठेवते. तोंडावर बोलायची सोय नाही, मास्तरांचं घर. म्हणून बिचाऱ्यांनी आपापसात काही न ठरवता कुत्री जगवायला घेतली होती. मी उन्हातान्हात तिला पळवायचे आणि गाव तिला भरवायचं.

मी मावशीवर तडकले. ‘‘मावशी, तुमच्यामुळं तिचं बक्षीस गेलं!’’

मावशी साठीच्या पुढची, अंगानं काडीसारखी. नवरा जाऊन बरीच वर्षं झालेली, पोरगा नोकरीसाठी पनवेलला, भाताच्या लहानशा तुकड्यावर तिचं चालायचं. तिनं माझ्याकडे बघितलं आणि विचारलं, ‘‘बाई, खरं सांगा. तिच्या बरगड्या मोजता येत्यात. ह्यो असला कसला साहेब, ज्याला बरगड्या बघून बक्षीस द्यावं वाटतंय?’’

मी तिला कारवानीचं सगळं शास्त्र सांगितलं. हरणामागं धावणारं जनावर, हलकंच पाहिजे, जड झालं तर सांधे जातात. ती ऐकून घेत होती. शेवटी म्हणाली, ‘‘तुमी म्हंता म्हनून सोडते. पन मला त्यो साहेब बघायचाय. पुढच्या येळंला मला बी न्या.’’

मी गावात फिरून सगळ्यांना हात जोडले. टपरीवाल्याला दम दिला. दोन महिन्यांत बिजलीची कंबर पुन्हा तशी झाली जशी मला हवी होती. मावशी कुंपणाशी उभी राहून तिच्याकडे बघायची आणि तोंड फिरवून घरात जायची. तिला ते सोपं जात नव्हतं हे मला दिसत होतं. पण बिजलीचं वय वाढत चाललं होतं. पळण्यातला झोक एक-दोन हंगामच टिकतो, मग कितीही सांभाळा, परत येत नाही.

थंडीत पुण्याला मोठं प्रदर्शन होतं. ओळखीचा टेम्पो केला. मागं पिंजऱ्यात बिजली, पुढं मी आणि नवं लुगडं नेसलेली मावशी. नसरापूरला चहा प्यायलो तेवढंच थांबणं. मांडीवर तिनं एक फडकं घट्ट धरलेलं. ‘‘काय आहे त्यात?’’ विचारलं तर म्हणाली, ‘‘भाकरी. मला नगं व्हय खायाला? तिला न्हाई देनार, शपत घेतलीया.’’

मैदानावर मांडव, खुर्च्या, कर्ण्यावरून आकडे पुकारत होते. मावशीला मी एका झाडाच्या सावलीत बसवलं आणि बिजलीला ऊब आणायला फिरवायला घेऊन गेले. त्या दिवशी माद्यांमध्ये खरी चुरस एकीशीच होती. फलटणकडच्या जगतापअण्णांची राणी. अण्णा म्हणजे कारवानीतलं जुनं खोड, त्यांच्या घरात दोन पिढ्या ही जात सांभाळलेली. राणी तरणी, काळीभोर आणि तब्येतीला इतकी नेमकी की माझ्याही मनात आलं, बिजलीला आज सोपं नाही. अण्णा कार्यालयात कागद दाखवायला गेले होते. राणीला त्यांनी झाडाखाली बांधून ठेवलं होतं. त्याच झाडाखाली.

मी परत आले तेव्हा मावशीच्या मांडीवर फडकं उघडं होतं आणि राणी जमिनीवरचे शेवटचे तुकडे चाटत होती.

‘‘मावशी! काय केलंत?’’

‘‘आपल्या बिजलीला न्हाई दिली वो,’’ मावशी घाईघाईनं म्हणाली. ‘‘शपत मोडली न्हाई म्या. पन हिची तर समदीच हाडं वर आल्यात. डोळं लावून बसली हुती. माज्यानं घास गिळंना.’’

‘‘किती दिली?’’

‘‘हुती तेवढी. तीन.’’

मी आधी राणीचं पोट चाचपलं. खोल छातीच्या कुत्र्याला भरल्या पोटी पळवलं तर पोटात पीळ पडू शकतो. पोट फुगतं, जनावर तडफडतं आणि डॉक्टर गाठेपर्यंत बऱ्याचदा वेळ गेलेली असते. माझी एक मादी मी तशी गमावलेली आहे. त्यावर जास्त लिहीत नाही, अजून लिहवत नाही.

अण्णा आले तसं मी त्यांना सगळं सांगून टाकलं. राणीला आज पळवू नका, म्हटलं. अण्णांनी राणीच्या पोटाला हात लावला. मग माझ्याकडे बघितलं, माझ्या दंडावर बांधलेल्या स्पर्धेच्या नंबराकडे बघितलं.

‘‘बाई,’’ ते हळू आवाजात म्हणाले, ‘‘तुमच्या माणसानं माझ्या कुत्रीला खायला घातलं. आता तुम्हीच सांगता पळवू नका. रिंगणात मग राहिलं कोण?’’

त्यांच्या जागी मी असते तर मीही हेच म्हटलं असतं. आजूबाजूला चार माणसं जमली. तेवढ्यात मावशी मध्ये आली. एवढ्या टायवाल्यांत ती कमरेइतकी दिसत होती.

‘‘बाईस्नी बोलू नगा,’’ ती म्हणाली. ‘‘त्यास्नी ठावं न्हवतं. म्या दिली. काय बोलायचं ते मला बोला. पन दादा, तुमच्या कुत्रीनं तीन भाकरी खाल्ल्या आन् चौथी हुडकत हुती. म्या काय करायला पायजे हुतं, ते बी सांगा.’’

कुणीतरी हसलं, मग थांबलं. मैदानावरच्या डॉक्टरांनी राणीला तपासून बसवून ठेवायला सांगितलं. तिला काही झालं नाही, हे आधीच सांगते.

कर्ण्यावर कारवानी माद्या पुकारल्या. बिजली माझ्याकडे बघत होती. तिला रिंगण आवडायचं. दोरी हातात घेतली की मान आपोआप वर यायची. तिसरं प्रमाणपत्र समोर पडलेलं होतं आणि मी नुसतं चालत आत जायचं होतं. मी दंडावरचा नंबर सोडला आणि कार्यालयात जाऊन सांगितलं, आमची मादी उतरत नाही.

मला कुणी मोठं म्हणावं म्हणून हे सांगत नाही. त्या क्षणी मला फक्त राग आला होता, अण्णांचा, मावशीचा, भाकरीचा. तसं जिंकलेलं प्रमाणपत्र मला घरात बघवलं नसतं, एवढंच. प्रमाणपत्र त्या दिवशी तिसऱ्याच कुणाच्या मादीला गेलं. ती चांगली होती, पण बिजलीच्या पासंगाला पुरणारी नव्हती.

परतताना टेम्पोत मावशीनं विचारलं, ‘‘आपली बिजली आत का गेली न्हाई?’’

मी म्हणाले, ‘‘तिचा पाय दुखत होता.’’

मावशीनं मान हलवली. तिचा विश्वास बसला नव्हता. दुसऱ्या दिवशी तिनं गुरुजींना गाठलं. गुरुजींना आयुष्यात खोटं बोलता आलं नाही. विचारलेल्या प्रश्नाचं उत्तर द्यायचं एवढंच त्यांना येत होतं. त्यांनी तिला सगळं सांगितलं. काय गेलं, का गेलं, आणि वयामुळे आता एखादीच संधी उरली आहे, तेही.

त्या दिवसापासून मावशीनं बिजलीला दारात घेणं बंद केलं.

बिजलीला काही कळेना. ती आपल्या वेळेला जायची आणि मावशीच्या परसाच्या दारापुढे उभी राहायची. भुंकणं तिच्या स्वभावातच नव्हतं. नुसती उभी राहायची, मान थोडी वाकडी करून. दार आतून लावलेलं असायचं. मावशी कुंपणापाशीही येईनाशी झाली. पिल्लं बघायला माणसं आली तरी निकाल सांगायला पलीकडे कुणी नसायचं. मी दोनदा हाक मारली. ‘‘कामात हाय,’’ असं आतून उत्तर आलं.

मला वाटायचं, बरंच झालं. बिजलीची तब्येत कधी नव्हे इतकी बांधेसूद होती. पुढच्या हंगामाची मी तयारी चालू ठेवली. सकाळी बांधावरून पळवणं, मोजून खाणं, नखं, दात, सगळं. ती सगळं करायची. फक्त संध्याकाळी त्या दारापुढे जाऊन उभी राहायची आणि परत आली की आपल्या ताटलीकडे न बघता पडून राहायची. तिला भूक नव्हती असं नाही. तिला दुसरंच काहीतरी हवं होतं, आणि ते मी वजन करून देऊ शकत नव्हते.

बुद्धपौर्णिमा आली. दर वर्षी या दिवशी मावशीकडून खिरीच्या दोन वाट्या यायच्या. एक आमच्या घराला आणि एक बिजलीला. कुत्र्याला बेदाणे चालत नाहीत असं मी एकदा बोलले होते, तेव्हापासून बिजलीच्या वाटीतले बेदाणे ती एकेक करून वेचून काढायची. वर्षातून एवढी एक वाटी मीही चालू द्यायचे. त्या वर्षी तिच्या भाचीबरोबर एकच वाटी आली. मी विचारलं, ‘‘दुसरी?’’ पोरगी म्हणाली, ‘‘आत्या म्हनली, बिजलीला न्हाई द्यायची. बाईंचं नुकसान व्हतंय.’’

मी खिरीची वाटी तशीच खाली ठेवली. माझ्या साठ घरांच्या गावात या कुत्रीवर जीव लावणारं माणूस होतं आणि मी त्याला त्याच्याच दारामागं कोंडलं होतं, एका कागदासाठी. बिजलीला कागद वाचता येत नव्हता. माझ्यानंतर तो कोण वाचणार होतं?

मी बिजलीला घेतलं आणि मावशीच्या दारावर थाप मारली. ‘‘मावशी, दार उघडा.’’

मावशीनं दार किलकिलं केलं. बिजलीला बघून ती मागं सरली. ‘‘न्हाई बाई. न्या तिला. माज्या हाताला खोड हाय, पुन्यांदा चूक व्हईल.’’

‘‘होऊ द्या. आमचं प्रदर्शनाचं संपलं.’’

‘‘संपलं म्हंजी?’’

‘‘म्हणजे आता जायचं नाही.’’

‘‘आन् त्ये तिसरं बक्षीस?’’

‘‘नको.’’

मावशी उंबऱ्यावरच खाली बसली. बिजली माझ्या हातातून सुटली, तिच्यापाशी गेली आणि तिच्या मांडीवर आपलं लांबट तोंड ठेवून उभी राहिली. मावशीनं तिच्या अंगावरून हात फिरवला, मानेवरून, पाठीवरून. बरगड्यांपाशी तिचा हात थांबला, अगदी परीक्षकांचा थांबायचा तसा.

‘‘बाई,’’ ती माझ्याकडे न बघता म्हणाली, ‘‘पन ह्या बुजतील की वो.’’

‘‘बुजू द्या,’’ मी म्हणाले, आणि खिरीचं पातेलं बाहेर आणायला मीच आत गेले.